वर्षावास : आयुष्याच्या वळणावर थांबायचे कसे?

आषाढ पौर्णिमा जवळ आली की वस्त्यावस्त्यांतल्या विहारांत लगबग सुरू होते. 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या वाचनाच्या पाळ्या ठरतात, प्रवचनासाठी भन्तेंना निमंत्रण जाते, महिला मंडळ खीरदानाची यादी करायला बसते. पुढे तीन महिने रोज संध्याकाळी वंदना आणि वाचन चालते आणि आश्विन पौर्णिमेला समारोप होतो. वर्षावासाबद्दल बहुतेक उपासक-उपासिकांना एवढे माहीत असते. त्याचे मूळ नियम काय होते आणि संसारी माणसाला आयुष्य वळण घेत असताना त्यातून काय घेता येते, याची माहिती मात्र एका जागी फारशी सापडत नाही. ती देण्याचा हा प्रयत्न आहे.

आम्ही समाजकार्याच्या क्षेत्रात काम करतो. वस्तीत काम करताना निरनिराळी माणसे एकच प्रश्न घेऊन भेटतात. कुणी नुकतेच निवृत्त झालेले असते, आणि सकाळी डबा घेऊन निघायचे नाही ही गोष्ट त्यांच्या अंगवळणी पडत नाही. कुणाची मुले नोकरीसाठी पुण्याला, हैदराबादला गेलेली असतात. स्पर्धा परीक्षेची वयोमर्यादा संपलेला तरुण असतो. त्याची सात-आठ वर्षे अभ्यासिकेत गेलेली असतात आणि गावी परतायला तोंड नाही असे त्याला वाटते. पतीच्या मृत्यूनंतर अनुकंपा नोकरी घ्यावी की सासरचे म्हणतात तसे दिराच्या नावे सोडावी, या पेचात सापडलेली ताई असते. आता पुढे काय, असे हे सगळे विचारतात. समाजाकडून त्यांना दोनपैकी एक सल्ला मिळतो. एक गट म्हणतो, दहा दिवसांचे शिबिर कर, सगळे सुटेल. दुसरा गट म्हणतो, ध्यानाबिनात वेळ घालवू नको, चळवळीत उतर. दोन्ही सल्ले घाईचे आहेत असे आमचे मत आहे. वर्षावासाच्या जुन्या नियमांत या दोन्हींपेक्षा अधिक शहाणपण आहे.

आधी एका शब्दाबद्दल. 'अध्यात्म' म्हटले की आपल्याकडे अनेकांच्या कपाळावर आठी पडते आणि ती रास्त आहे. त्या शब्दाच्या पोटात आत्मा आहे आणि तथागतांनी आत्म्याचा सिद्धांत नाकारला. पालीत यासाठी वेगळे शब्द आहेत. चित्ताची मशागत करणे ती भावना, आणि एखाद्या गोष्टीकडे तिच्या मुळापर्यंत जाऊन नीट लक्ष देणे तो योनिसो मनसिकार. या लेखात चिंतन म्हणू तेव्हा आम्हाला हेच अभिप्रेत आहे.

पावसाने लावलेली शिस्त

विनयपिटकाच्या महावग्गात वर्षावासाची सुरुवात सांगितली आहे आणि ती अगदी साध्या कारणाने होते. भिक्खू पावसाळ्यातही चारिका करत. लोक तक्रार करू लागले, की हे श्रमण हिरवे अंकुर तुडवतात, बारीकसारीक जीव मारतात. इतर पंथांचे परिव्राजक पावसाळ्यात एका जागी राहतात, पक्षीसुद्धा घरटे बांधून राहतात, आणि हे मात्र फिरतच असतात. ही तक्रार ऐकून तथागतांनी नियम केला. म्हणजे थांबण्याचा हा नियम आकाशातून पडला नाही. लोकांच्या बोलण्यातून, शेतीच्या आणि जिवांच्या काळजीतून तो आला. आपल्या चालण्याने कुणाचे पीक तुडवले जाते आहे, हे बघून थांबायचे, असा त्याचा अर्थ आम्ही लावतो.

थांबण्याचे नियमही व्यवहारी आहेत. झाडाच्या ढोलीत, उघड्यावर किंवा छत्रीखाली वर्षावास करायचा नाही, डोक्यावर नीट छप्पर हवे. जागा ठरली की तीन महिने ती सोडायची नाही. पण काम निघाले तर सात दिवसांच्या आत परत येण्याच्या बोलीवर जाता येते, आणि आई किंवा वडील आजारी असतील तर बोलावणे आले नसले तरी जाता येते. घरदार सोडलेल्या भिक्खूलाही आजारी आईकडे जाण्याची मुभा या नियमाने ठेवली आहे. साधनेच्या नावाखाली घरच्या दुखण्याकडे पाठ फिरवणाऱ्यांनी हा नियम जरूर वाचावा.

महाराष्ट्राला तर वर्षावासाचा इतिहास दगडात कोरून मिळालेला आहे. सह्याद्रीतली लेणी ही भिक्खूंच्या निवाऱ्याची जागा, आणि पावसाळ्यात त्या निवाऱ्याचे मोल सर्वांत जास्त. नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावरील दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. त्याने ३००० कार्षापणांची कायम ठेव विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवली. त्यातील २००० कार्षापणांवर महिना शेकडा एक या दराने येणाऱ्या व्याजातून, या लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी द्यायचे, असे त्यात नमूद आहे. हिशेब तंतोतंत जुळतो : वर्षाचे व्याज २४०, आणि वीस गुणिले बारा २४०. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी वीस माणसांनी तीन महिने शांतपणे बसावे म्हणून विणकरांचे माग चालत होते. चिंतनाला मोकळा वेळ लागतो, त्या वेळेचा खर्च कुणीतरी उचलतो, आणि तो कोण उचलतो हे विचारणे आपले काम आहे. या मुद्द्याकडे पुढे पुन्हा येऊ.

मुक्याने बसण्याबद्दल

वर्षावासाच्या शेवटी येते ती पवारणा. तिच्या उगमाची महावग्गातली हकिगत आमच्या मते या विषयाचा गाभा आहे.

कोसल देशात काही मित्र-भिक्खू एकत्र वर्षावासाला बसले. भांडण नको म्हणून त्यांनी ठरवले, तीन महिने एकमेकांशी बोलायचेच नाही. भिक्षेहून आधी येईल त्याने आसने मांडावी, पाणी ठेवावे. नंतर येईल त्याने आवरावे. काही लागले तर हाताने खूण करावी. वर्षावास झाल्यावर ते श्रावस्तीला तथागतांकडे गेले आणि आमचे दिवस सुखाने गेले असे म्हणाले. तथागतांनी त्यांची कानउघाडणी केली. तुम्ही जनावरांसारखे, मेंढरांसारखे एका गोठ्यात राहिलात आणि वर त्याला सुख म्हणता, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. मग त्यांनी मुक्या व्रताला मनाई केली आणि त्याऐवजी पवारणा सांगितली. वर्षावास संपताना प्रत्येक भिक्खूने संघाला विनंती करायची, की माझ्या वागण्यात तुम्हाला काही दिसले असेल, ऐकू आले असेल किंवा शंका आली असेल तर करुणेने मला सांगा. ही विनंती सर्वांत ज्येष्ठ भिक्खूने आधी करायची, हे विशेष.

आपण कोण आहोत आणि पुढे कुठे जायचे हे माणसाला डोळे मिटून आतच सापडते, अशी एक समजूत अलीकडे फार पसरली आहे. पवारणेचा नियम ती मानत नाही. आत बघायचे ते आहेच, पण माझ्याबरोबर तीन महिने राहिलेल्या माणसांना माझ्याबद्दल जे दिसले ते मला एकट्याला दिसणार नाही, हे त्यात गृहीत धरले आहे. मौनाला विरोध नाही. विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिरातही मौन असते आणि दहाव्या दिवशी ते सोडतात. विरोध आहे तो मुकेपणालाच साधना समजण्याला.

आमचा अनुभव असा, की आपल्या विहारांत वर्षावासाचा समारोप थाटाने होतो, भोजनदान होते, सत्कार होतात, पण पवारणा फक्त भिक्खूंची राहते. उपासकांनी ती आपापल्या छोट्या गटात करायला काय हरकत आहे? चार-पाच विश्वासाची माणसे, एक संध्याकाळ आणि एकच प्रश्न : गेल्या काही महिन्यांत माझ्यात तुम्हाला काय दिसले? निवृत्त झालेल्या माणसाला त्याची पत्नी जे तीन महिने सांगू पाहते आहे, ते कदाचित त्या संध्याकाळी ऐकू येईल.

वयाची अट नाही

ब्राह्मणी परंपरेने आयुष्याचे चार आश्रम केले आणि वयाप्रमाणे कामे वाटून दिली. शूद्रांना आणि स्त्रियांना त्या वाटणीत नीट जागाच नव्हती. आपल्याकडेही नकळत तीच भाषा येते : आता म्हातारपणी धम्म वाचू, आधी संसार उरकू. धम्माची मोजणी निराळी आहे. भिक्खूसंघात ज्येष्ठता जन्मावर, जातीवर किंवा वयावर ठरत नाही. उपसंपदेनंतर किती वर्षावास झाले यावर ठरते. साठीत उपसंपदा घेतलेला भिक्खू दहा वर्षावास झालेल्या तिशीतल्या भिक्खूला वंदन करतो. नव्या वळणावर प्रत्येक जण नवखाच असतो, हे या मोजणीने मान्य केले आहे.

समाजशास्त्रात आर्नोल्ड व्हॅन गेनेप यांनी १९०९ साली संक्रमणविधींचे तीन टप्पे मांडले : जुन्यापासून वेगळे होणे, मधला अधांतरी काळ आणि नव्या स्थानासह परत येणे. लग्न, बारसे, अंत्यविधी या प्रसंगांना समाजाने विधी दिले. निवृत्तीला मिळाली शाल आणि श्रीफळ, आणि नोकरी सुटली त्याला तर तेही नाही. मधल्या अधांतरी काळाला आधार देणारी व्यवस्था आपल्याकडे कमी आहे, आणि तिथेच माणूस दारूकडे, बुवाबाजीकडे किंवा घाईच्या निर्णयाकडे वळतो.

गृहस्थांना असा आधार देणे ही धम्मात नवी गोष्ट नाही. नकुलपिता नावाचे वृद्ध गृहस्थ तथागतांकडे आले आणि म्हणाले, मी म्हातारा झालो, शरीर आजारी असते. तथागतांनी त्यांना शरीर बरे होईल असे खोटे आश्वासन दिले नाही. शरीर आजारी असले तरी चित्त आजारी होणार नाही असा अभ्यास कर, असे सांगितले. अनाथपिंडिकाची गोष्ट तर चटका लावणारी आहे. जेतवन दान देणारा हा मोठा उपासक मरणपंथाला लागला असताना सारिपुत्तांनी त्याला अनासक्तीचे सखोल विवेचन ऐकवले. तो रडू लागला. इतकी वर्षे संघाची सेवा केली, पण असा धम्म कधी ऐकायला मिळाला नाही, असे तो म्हणाला; आणि गृहस्थांनाही हे सांगत जा, अशी त्याने विनंती केली. आयुष्यभर दान करणाऱ्याला चिंतन मरणशय्येवर मिळाले. विहाराच्या बांधकामाला वर्गणी देऊन थकलेल्या आपल्या ज्येष्ठ उपासकांची आठवण इथे आल्याशिवाय राहत नाही.

एकवीस वर्षांचा विचार

वळणावर थांबून विचार करणे म्हणजे कच खाणे, असे ज्यांना वाटते त्यांनी बाबासाहेबांच्या आयुष्यातील तारखा पाहाव्यात. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. दीक्षा घेतली १४ ऑक्टोबर १९५६ रोजी. मध्ये एकवीस वर्षे गेली. त्या काळात त्यांनी धर्मांचा तुलनात्मक अभ्यास केला, श्रीलंकेला आणि ब्रह्मदेशाला जाऊन बौद्ध समाज प्रत्यक्ष पाहिला, ग्रंथ लिहिला. याच काळात संविधानाचे काम झाले, मंत्रिपद आले आणि त्याचा राजीनामाही झाला. चिंतन आणि कृती यांत त्यांनी एकीसाठी दुसरीला सुट्टी दिली नाही.

मे १९३६ मध्ये मुंबईत केलेल्या 'मुक्ती कोन पथे?' या भाषणाच्या शेवटी त्यांनी तथागतांचा आनंदाला केलेला उपदेश सांगितला : स्वतःच स्वतःचा दीप व्हा. हा उपदेश महापरिनिब्बान सुत्तात आहे, आणि तो वैशालीजवळच्या बेलुव गावातला, तथागतांच्या अखेरच्या वर्षावासातला आहे. ऐंशीच्या घरातले तथागत त्या पावसाळ्यात गंभीर आजारी पडले होते, आणि आता संघाचे पुढे काय, या चिंतेने आनंद व्याकूळ झाला होता. म्हणजे हे वाक्य एका वळणावर, एका घाबरलेल्या माणसाला सांगितलेले आहे. योगायोग असा, की १९५६ ची अशोक विजयादशमीही आश्विन पौर्णिमेच्या पाच दिवस आधीची, वर्षावासातलीच होती.

सिद्धार्थाने घर का सोडले, हा प्रश्न बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेतच उपस्थित केला. म्हातारा, आजारी आणि प्रेत पाहून एकोणतिसाव्या वर्षी अचानक वैराग्य आले, ही पारंपरिक कथा त्यांना पटली नाही. शाक्य आणि कोलीय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा आणि युद्धाला सिद्धार्थाने केलेला विरोध, हे कारण त्यांनी मांडले. आपल्या विषयासाठी हा फरक महत्त्वाचा आहे. पहिल्या कथेत माणूस जगाला घाबरून निघतो. दुसरीत तो समाजातल्या एका प्रश्नाचे उत्तर शोधायला निघतो. शिबिराला निघालेल्या प्रत्येकाने स्वतःला विचारावे, आपण यांतल्या कुठल्या कथेत आहोत.

निर्णय घासून बघणे

राहुलाला केलेल्या उपदेशात तथागतांनी आरशाचा दाखला दिला आहे. आरसा जसा बघण्यासाठी, तसे कर्म बघून-बघून करायचे : करण्यापूर्वी, करत असताना आणि केल्यानंतर. यातून मला त्रास होईल का, दुसऱ्याला होईल का, दोघांना होईल का? सम्राट अशोकाने बैराटजवळ सापडलेल्या भाब्रू शिलालेखात ज्या सात धम्मग्रंथांची शिफारस केली, त्यांत राहुलाच्या या उपदेशाचे नाव आहे. आणि ते भिक्खू-भिक्खुणींबरोबर उपासक-उपासिकांनीही ऐकावेत असे त्यात म्हटले आहे. 'करत असताना' हा मधला टप्पा आपण नेहमी गाळतो. नवी नोकरी, नवे लग्न, गावी परतणे, काहीही एकदा सुरू केले म्हणजे तपासणे संपत नाही.

पैशाचा प्रश्न असेल तर दीघजाणु सुत्त वाचावे. तिथे गृहस्थाच्या सुखासाठी उद्योग, कमावलेल्याचे रक्षण, कल्याणमित्रांची संगत आणि आवक-जावक बघून केलेला समतोल खर्च, या चार गोष्टी सांगितल्या आहेत. सिगालोवाद सुत्तात मिळकतीचे चार भाग येतात : एक उपभोगाला, दोन कामधंद्यात आणि चौथा अडचणीसाठी राखून. भविष्य निर्वाह निधीची रक्कम हातात आल्या आल्या ती मुलाच्या धंद्यात, प्लॉटमध्ये किंवा मोठ्या दानात घालणारी मंडळी आम्ही पाहतो. दान वाईट नाही, पण चौथा भाग राखून ठेवायला तथागतांनीच सांगितले आहे. आमची सूचना अशी : वर्षावासाचे तीन महिने मागे न घेता येणारा आर्थिक निर्णय घेऊ नये.

थांबायला सवड कुणाला?

राहुलाला लहानपणी संघात घेतले तेव्हा आजोबा शुद्धोदनांना फार दुःख झाले. त्यांनी तथागतांना विनंती केली, आणि त्यानंतर आई-वडिलांच्या संमतीशिवाय मुलाला प्रव्रज्या द्यायची नाही असा नियम झाला. एकाच्या वाटेचा भार दुसऱ्यावर पडतो, हे संघाने मान्य केले.

मराठी वाचकांना जवळचे उदाहरण धर्मानंद कोसंबींचे. गोव्यातल्या सांखवाळचा हा तरुण १८९९ साली पत्नी आणि तान्ही मुलगी घरी ठेवून ज्ञानाच्या शोधात निघाला, १९०२ साली श्रीलंकेत त्याने दीक्षा घेतली आणि पुढे चीवर उतरवून तो पुन्हा संसारात आला. त्यांनी पाली अभ्यासाची महाराष्ट्रात जी पायाभरणी केली तिचे ऋण आपल्या सर्वांवर आहे, आणि 'निवेदन' हे त्यांचे आत्मचरित्र आजही वाचावे असे आहे. पण ते वाचताना मागे राहिलेल्या बाळाबाईंची ती वर्षे कशी गेली असतील, हा प्रश्न आम्हाला सोडत नाही.

आजही तेच. वर्षावासातल्या वाचनाला रोज हजर असतात त्या प्रामुख्याने स्त्रिया. पण दहा दिवस घर सोडून बसायचे म्हटले की सवड मिळते ती पुरुषांना. सुनेचे बाळंतपण, सासूचे पथ्य, मुलांच्या शाळा, यांतून तिला दहा दिवस कोण देणार? उषवदाताने वीस भिक्खूंच्या चीवराची तरतूद केली. एका उपासिकेच्या दहा दिवसांच्या स्वयंपाकाची तरतूद विहार समितीने आणि घरच्या पुरुषांनी करायला हवी. हा आमच्या दृष्टीने धम्माचाच विषय आहे.

काय उपलब्ध आहे

विपश्यनेची दहा दिवसांची शिबिरे आचार्य सत्यनारायण गोयंका यांच्या परंपरेत इगतपुरीच्या धम्मगिरीसह अनेक केंद्रांवर होतात. शुल्क नसते, खर्च दानातून चालतो. आनापानाने सुरुवात होऊन मग विपश्यना शिकवतात. त्रिरत्न बौद्ध महासंघाची निवासी शिबिरे भाजे आणि बोरधरण येथे होतात, तिथे आनापानसती आणि मैत्री भावना यांवर भर असतो. बाबासाहेबांनी १९५५ साली स्थापन केलेल्या भारतीय बौद्ध महासभेच्या शाखा वर्षावास प्रवचनमालिका आणि श्रामणेर शिबिरे घेतात. श्रामणेर शिबिरात काही दिवसांसाठी चीवर आणि दहा शील घ्यायचे असतात, आणि मुदत संपली की घरी परतायचे असते. अधांतरी काळातल्या तरुणांना ही मुदतीची दीक्षा चांगली मानवते, असे आमचे निरीक्षण आहे. यांतले काहीच जमत नसेल तर पौर्णिमेला अष्टशील आणि रोज पहाटे वीस मिनिटे श्वासावर लक्ष, एवढे घरी जमते.

एक गोष्ट मात्र निक्षून. झोप उडालेली असेल, जेवण जात नसेल, जगण्यात अर्थ नाही असे आठवड्यांमागून आठवडे वाटत असेल, तर ते 'वैराग्य' समजू नये आणि अशा माणसाला शिबिरात ढकलू नये. विपश्यनेच्या अर्जातही मानसिक आजाराची माहिती विचारतात, ती लपवू नये. आधी मानसोपचारतज्ज्ञ. केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे आणि तिथे मराठीत बोलता येते.

ज्यांची आषाढ पौर्णिमा हुकली, त्यांच्यासाठी विनयात दुसरी तारीखही आहे. पहिल्या वर्षावासाला न बसू शकलेल्या भिक्खूला एक महिन्याने, श्रावण पौर्णिमेनंतर, बसता येते. त्याचे तीन महिने कार्तिक पौर्णिमेला पूर्ण होतात.